दाब, ठस, सोड

हरड सर कुणाच्याही घरी गेले की दारावरची बेल वाजवत नसत, तपासत असत. बटणावर बोट ठेवायचे, दाबायचे, आत आवाज झाला का ते मान तिरपी करून ऐकायचे आणि बोट उचलल्यावर बटण पुरतं वर आलं का ते वाकून बघायचे. तोवर घरातलं माणूस दार उघडून उभं असे. सर त्याच्याकडे न बघता बटणाकडे बघत म्हणणार, "सोडल्यावर वर येत नाय. स्प्रिंग मेलीय." त्यानंतर नमस्कार. एकदा एका घरी ते समाचाराला गेले होते, तेव्हासुद्धा हेच. घरातली सून रडणं थांबवून म्हणाली, "मी पन दोन वर्षं हेच सांगतेय यांना."

मुरबाडला एसटी स्टँडसमोर एक खताचं दुकान होतं, त्याच्या माडीवर सरांचा टायपिंगचा क्लास. दहा मशिनी, सात इंग्रजी, तीन मराठी. मागच्या बाजूला एक खोली, तिच्यात सर राहायचे. बायको मी क्लासला जायच्या आधीच गेली होती, मूलबाळ नव्हतं. पांढरा फुल शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि बोटं अशी लांबसडक की बाकीचा माणूस त्या बोटांना धरूनच चालतोय असं वाटावं.

सरांच्या मते जगातली निम्मी दुःखं बटण अर्धवट दाबल्याने होतात आणि उरलेली निम्मी ते वेळेवर न सोडल्याने. बटण दाबणं ही एक गोष्ट नव्हे, तीन गोष्टी आहेत, हा त्यांचा आयुष्यभराचा शोध. पहिली 'दाब', म्हणजे बोट खाली जातं. दुसरी 'ठस', म्हणजे अक्षर उमटतं. तिसरी 'सोड', म्हणजे बोट वर येतं. नव्या मुलीला पहिला आठवडा मशीनच मिळत नसे. तिने टेबलाच्या लाकडावर बोटं ठेवायची आणि तोंडाने 'दाब, ठस, सोड' म्हणत बसायचं. खाली शेतकरी युरियाचं पोतं खांद्यावर घेता घेता वर बघत आणि दुकानदाराला विचारत, "वरती भजन हाय काय?"

मी त्या माडीवर चढले ती पंच्याण्णव साली, बारावीनंतर. आमचं गाव सरळगावच्या अलीकडचं, भातशेतीवालं. आबांनी माझ्यापुढे दोन पर्याय ठेवले होते. "टायपिंग कर, नायतर लगीन कर." मी टायपिंग पत्करलं. पहिल्या दिवशी सरांनी माझं नाव विचारलं, वहीत लिहिलं, आणि ते तिथेच राहिलं. कारण सर कुणालाच नावाने हाक मारत नसत. ज्याची जी मशीन, तो त्याचा नंबर. मी सात नंबर. पुढे मी शिकून नोकरीला लागले, रस्त्यात भेटले, तरी "काय सात नंबर, बरं हाय ना?" असंच. माझ्या मशीनवर नंतर किती सात नंबर येऊन गेल्या असतील, पण त्यांचा हिशेब चुकत नसे.

सर शिकवायचे आमच्याकडे पाठ करून. खिडकीशी बसून पेपर वाचत, आणि मध्येच वळून न बघता ओरडत, "चार नंबर, करंगळी झोपली काय? नऊ नंबर, किती जोरात आपटतेस, कपडे धुतेस का?" दहा मशिनींच्या त्या खडखडाटातून एका मुलीची एक करंगळी त्यांना वेगळी ऐकू यायची. आम्हाला वाटायचं, खिडकीच्या काचेत बघत असतील. काच फुटलेली होती, तिथे पुठ्ठा लावला होता.

त्यांचा दुसरा नेम म्हणजे नजर कागदावर. ज्या कागदावरून उतरवायचं तिथून डोळा हलता कामा नये. बोटांकडे बघायचं नाही, आणि काय उमटलं ते तर मुळीच बघायचं नाही. "पेरलेलं लगेच उकरून बघतो का कोन?" असं विचारायचे. जी बघेल तिच्या हातांवर ते चपलांच्या खोक्याचं झाकण ठेवायचे. मी दोन महिने त्या झाकणाखाली टाइप केलं. परीक्षेत मिनिटाला चाळीस शब्दांची पास झाले तेव्हा मार्कलिस्ट घेऊन धावत माडी चढले. सरांनी ती उलटसुलट बघितली आणि म्हणाले, "चालेल." यापेक्षा मोठं कौतुक त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही.

त्या मशिनी इतक्या जुन्या होत्या की त्यांच्यावर एक या आकड्याचं बटणच नव्हतं. आकडे दोनापासून सुरू. एक हवा असेल तेव्हा इंग्रजी लहान एल मारायचा, उजव्या हाताच्या अनामिकेने. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं. कोर्टाचे कागद, ग्रामपंचायतीची पत्रं, सगळ्यांवर एकाच्या जागी एल बसलेले असायचे. आमच्या अनामिकेला ते इतकं सवयीचं झालं होतं की एक म्हटलं की ती आपणहून खाली जायची.

पुढे मी बी.एस्सी. केलं, कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि दोन हजार सहाच्या सुमाराला कल्याणच्या एका छोट्या कंपनीत लागले. आमचं काम वेबसाइटवरचे फॉर्म बनवायचं. नाव लिहायचा रकाना, जन्मतारखेचा रकाना, फोनचा रकाना, हे सगळे वेगवेगळे तुकडे तयार करून ठेवायचे आणि लागतील तसे जोडायचे. पहिल्याच आठवड्यात शिकवणारे गृहस्थ फळ्यावर लिहून सांगू लागले की माणूस बटण दाबतो तेव्हा ब्राउझर आपल्याला तीन वेळा खबर देतो. बटण खाली गेलं ते कीडाउन, अक्षर येतंय ते कीप्रेस, बटण वर आलं ते कीअप. मला हसू आवरेना. त्यांनी रागाने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "काही नाही सर, हे मला मुरबाडला खताच्या दुकानावर शिकवलंय."

त्याच सुमारास हरड सरांनीही एक कॉम्प्युटर घेतला. टायपिंगच्या सरकारी परीक्षा अजून मशीनवरच होत्या, पण जो तो "कॉम्प्युटर आहे का?" विचारून परत जायचा. तो त्यांनी कोपऱ्यात ठेवला, वर टॉवेल घातला आणि महिनाभर त्याच्याशी अबोला धरला. मग एके दिवशी 'ए' वर बोट ठेवलं आणि ठेवूनच दिलं. पडद्यावर ए-ए-ए-ए अशी रांग धावत सुटली. सरांनी बोट उचललं आणि खिन्नपणे म्हणाले, "हावरट हाय. एकदा दिलं तर दहादा घेतं."

माउसला त्यांनी शेवटपर्यंत हात लावला नाही. "घरात उंदीर शिरला तर आमी पिंजरा लावतो, तुमी त्याला गादी टाकून बसवलाय," असं म्हणायचे. मुलींची वेगळीच तऱ्हा. मशीनवर ओळ संपली की घंटी वाजते आणि डाव्या हाताने दांडा ढकलून गाडी मागे आणावी लागते. कॉम्प्युटरवर बसल्या तरी ओळीच्या शेवटी त्यांचा डावा हात आपसूक उठायचा आणि पडद्याच्या कानाखाली वाजवायचा. सरांनी शेवटी त्या बाजूला उशी बांधली.

कंपनीत मी पहिला रकाना स्वतःच्या हाताने बनवला तो फोन नंबरचा. त्यात आकड्यांशिवाय काही लिहिताच येऊ नये, असं सांगणं होतं. मी काय केलं, बटण खाली जातानाच त्याला अडवायचं. आकडा असेल तर आत सोडायचा, नसेल तर जिथल्या तिथे गिळायचा. अभिमानाने शनिवारी मुरबाडला जाऊन सरांना दाखवला. सर बसले, बोटं मधल्या ओळीवर ठेवली, नंबर लिहिला, आणि पुढच्या रकान्यात जायला टॅब दाबला. काही होईना. मागे यायला बॅकस्पेस दाबलं. तेही नाही. टॅब आणि बॅकस्पेस हे आकडे नाहीत, म्हणून माझ्या रकान्याने तेही गिळले होते. सर दोन्ही हात वर करून बसले.

"सात नंबर, आत घेतलंस, आता बाहेर काढ की! दार कुठंय याला?"

मी तिथेच बसून ते सुधारलं. सरांनी पुन्हा क्लासचा फोन नंबर लिहून बघितला, पुढे गेले, मागे आले, एक आकडा खोडला, पुन्हा लिहिला आणि म्हणाले, "चालेल." मी हवेत तरंगत कल्याणला आले. त्या नंबरात एकसुद्धा एक नव्हता, हे माझ्या लक्षात यायचं काही कारणच नव्हतं.

पुढच्या वर्षी हाच रकाना ठाण्याकडच्या एका नर्सिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या प्रवेशाच्या फॉर्ममध्ये लागला. मुलींनी फॉर्म भरायचा, संस्था फोन करून मुलाखतीला बोलावणार. मुरबाड-शहापूरकडच्या मुलींना फॉर्म भरायचा म्हणजे हरड सरांचा कोपरा. बसस्टँडसमोर, ओळखीचा, आणि बऱ्याचशा त्यांच्याच क्लासच्या. संस्थेत राहायची सोय होती आणि शिकून झालं की दवाखान्यात नोकरीची शक्यता. ज्या घरी दिवाळी झाली की सगळे वीटभट्टीवर जातात, त्या घरच्या मुलीला हे म्हणजे केवढं मोठं दार होतं हे मी सांगायला नको.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी आमच्या साहेबांनी मला बोलावलं. संस्थेचा फोन आला होता. सोमवारी सकाळी दहाला मुलाखती, आणि अकरा मुलींचे फोन लागत नाहीत. नंबर अपुरे. कुणाचे नऊ आकडे, कुणाचे आठ. अकराही मुली तुमच्या त्या मुरबाडच्या बाजूच्या. जी सोमवारी येणार नाही तिची जागा पुढच्या मुलीला जाणार. साहेब म्हणाले, "फॉर्म आपला आहे. चूक आपली निघाली तर हे काम हातचं जाईल, आणि तुम्ही अजून पक्क्या झालेल्या नाही, हे लक्षात असू द्या."

मी रात्री दहादा तो रकाना तपासला. मी नंबर लिहिला की बरोबर दहा आकडे येत होते. लांबी मी मुद्दाम तपासली नव्हती, कारण कुणी गावातल्या साध्या फोनचा नंबर देतं, त्याचे आकडे कमीजास्त असतात. म्हणजे मुलींनीच नीट लिहिलं नाही, असं ठरवून मी शनिवारी सकाळच्या गाडीने मुरबाडला गेले.

सर सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "माज्या पोरी आकडा सोडनार नायत." त्या अकरांपैकी एक, डोळखांबकडच्या पाड्यावरची वनिता, मुरबाडला मावशीकडे राहून क्लास करायची. ती तेव्हा तीन नंबरवर होती. मी तिला कोपऱ्यात बसवलं आणि म्हटलं, परत भर फॉर्म. तिने शेजाऱ्याच्या मोबाइलच्या नंबराची चिठ्ठी समोर ठेवली, नजर चिठ्ठीवर रोवली आणि बोटं चालवली. मी पडद्याकडे बघत होते. नऊ आला. आठ आला. मग तिची उजवी अनामिका खाली गेली, वर आली, आणि पडद्यावर काहीच झालं नाही. वनिताने बघितलं नाही. बघायचं नाही हेच तर ती शिकली होती. पुढचे आकडे ठोकून ती हात मांडीवर ठेवून शहाण्यासारखी बसली. सर माझ्या मागे उभे होते.

"दाबलं," सर हळूच म्हणाले. "सोडलं. मधलं ठस कुठंय?"

ती अनामिका माझीच होती. मी तशीच शिकले होते, त्याच मशिनींवर, आणि कॉलेजात कॉम्प्युटरवर गेल्यावर विसरून गेले होते. ती एल मारत होती. दुसऱ्या कुठल्या रकान्यात तो एल उमटला असता आणि वाचणाऱ्याने एक म्हणून वाचला असता. माझ्या रकान्याने मात्र तो आकडा नाही म्हणून गिळला.

मी सरांना समजावून सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते.

"टाकून देतो तर देतो," ते म्हणाले. "पन टाकताना सांगत नाय? लाल काय, घंटी काय?"

"नाही सर."

"का नाय?"

मला फक्त आकडेच आत यायला हवे होते, बाहेर राहिलेल्याचं काय होतं याचा मी विचारच केला नव्हता.

आता नंबर सुधारायचे तरी कसे? एक नेमका कुठे गळला ते कळायला मार्ग नाही. चिठ्ठ्या मुलींबरोबर घरी गेलेल्या. पत्र टाकलं तर मुलाखत होऊन गेल्यावर पोचणार. सरांनी वही काढली. अकरा नावांपुढे अकरा गावं. चार सिद्धगडाच्या पायथ्याकडची, तीन किन्हवलीच्या आसपासची, बाकीची डोळखांबकडच्या पाड्यांवरची. वनिताला तर सांगून झालंच होतं. सरांनी मग माझ्याकडे बघितलं.

"साहेबाला काय सांगनार?"

मी "खरं तेच" म्हणायला गेले आणि वहीतली गावंच पुन्हा मोजू लागले. गावातून नोकरीसाठी कल्याणला जाऊन राहिलेली मी पहिली मुलगी. आबा अजूनही दर महिन्याला विचारायचे, 'पक्की झालीस का?'

"काय सांगू नको," सर म्हणाले. "तू जा, तुजा रकाना नीट कर. पोरींचं मी बघतो."

"सर, इतकी गावं, सोमवारी सकाळी मुलाखत..."

"सात नंबर, तोंड नाय, बोटं चालवायची."

रविवारी मी ऑफिस उघडून एकटीच बसले. त्या रकान्यात एल आला तर एक समजायचा, इंग्रजी ओ आला तर शून्य. बाकी काही आलं तर रकाना लाल करायचा, आवाज करायचा आणि खाली लिहून सांगायचं की हे घेतलं नाही, एकदा बघा. एवढंसं काम, पण करताना मान वर होत नव्हती. दुपारी साहेबांचा फोन आला. मोठ्या खुशीत होते. "अहो, सुटलो आपण! त्या टायपिंग क्लासवाल्यांनी काल संस्थेत फोन करून सांगितलं म्हणे, मुलींना चुकीचं शिकवलं, सगळी चूक माझी. आपला काही संबंध नाही." मी "बरं सर" म्हणाले. आयुष्यात इतकं वाईट 'बरं' मी कधी म्हटलं नव्हतं. कीबोर्डसमोर बसून रडले आणि साहेबांना परत फोन मात्र केला नाही.

सोमवारी ऑफिसला न जाता मी डबा घेऊन त्या संस्थेत गेले. व्हरांड्यात बाकांवर मुली आणि त्यांचे घरचे बसले होते. मी मुरबाडकडच्या मोजल्या. दहा. पाच मिनिटांनी सर फाटकातून आत आले आणि त्यांच्या मागून वनिता. तिचे आईवडील भट्टीवरून अजून परतले नव्हते, म्हणून पाड्यावर जाऊन आजीची परवानगी काढून तिला ते स्वतः घेऊन आले होते. शर्ट दोन दिवसांचा, चपलेचा एक अंगठा तुटून सुतळीने बांधलेला. पण अकरा झाल्या.

सर टेकतात न टेकतात तोच सिद्धगडाकडून आलेल्या एका मुलीची आई उठली. बाईला दोष द्यायला जागा नव्हती. शनिवारी सांजच्याला निरोप मिळाला, रविवार पैशाचं आणि कपड्याचं जमवण्यात गेला, पहाटे उठून दोन गाड्या बदलून ती आली होती.

"मास्तर, माजी पोर जाती ना हातची," ती म्हणाली. सगळा व्हरांडा ऐकत होता. "तुमी आलाव म्हनून कळलं, नायतर आमी बसलो असतो वाट बघत. काय शिकवताव तुमी? एक आकडा मारता येत नाय पोरींना? म्हातारे झालाव आता, बंद करा तो किलास."

हरड सरांना तोंडावर कुणी असं बोललेलं मी पाहिलं नव्हतं. चार नंबरची करंगळी पाठीमागून ऐकणारा हा माणूस खाली मान घालून म्हणाला, "चुकलं बाय. माजं चुकलं."

मी पुढे झाले. सरांनी मला पाहिलं आणि त्यांचे डोळे मोठे झाले. संस्थेच्या मुख्य मॅडम दारात येऊन उभ्या होत्या. सर घाईघाईने मोठ्यांदा म्हणाले, "या कोन मॅडम आहेत ते मला ठावं नाय. कंपनीच्या असतील. यांचा काय संबंध नाय यात."

बारा वर्षांची ओळख त्यांनी एका वाक्यात पुसून टाकली, आणि तीही माझ्या नोकरीसाठी. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही, आणि इतकं प्रेमही.

"संबंध आहे," मी म्हणाले. "फॉर्मचा तो रकाना मी बनवला. मुलींनी मशीनवर शिकवल्याप्रमाणे बरोबर टाइप केलं होतं. माझ्या रकान्याने आकडा गिळला आणि कुणाला सांगितलं नाही. सरांची चूक नाही. काल मी तो दुरुस्त केलाय, पण चूक माझी आहे."

ती बाई माझ्याकडे बघत राहिली, मग सरांकडे. मॅडमनी चष्मा काढून विचारलं, "मास्तर, तुम्ही तर म्हणताय ओळखत नाही. मग ह्या कोण?"

सर रागाने लाल झाले होते. दोन दिवसांची पायपीट मी एका मिनिटात पाण्यात घातली होती. ते अगदी हळू म्हणाले, "आमचीच पोरगी हाय."

मॅडमनी मान डोलावली आणि पहिलं नाव पुकारलं. साहेबांना त्यांनी फोन केलाच. साहेब मला जे काय बोलायचं ते बोलले, माझं पक्कं होणं वर्षभर लांबलं, पण नोकरी राहिली. ती बाई मुलगी आत गेल्यावर सरांच्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसली आणि पदराने वारा घेता घेता म्हणाली, "मास्तर, मी जरा जास्त बोलली." सर म्हणाले, "आवाजात जोर बरा हाय तुमच्या."

एकच्या सुमाराला मुलाखती संपत आल्या. मी सरांजवळ बसून डबा उघडला. तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं.

"घ्या सर."

"मी जेवून निघालोय."

वनिता शेजारीच होती. ती म्हणाली, "नाय ताई. आमच्याकडं पन तेच बोलले. आजीनं ताट वाढलेलं, हे ओटीवरून आत आलेच नायत. किन्हवलीच्या पोरी पन तेच सांगतात. कोनाकडंच नाय जेवले. दोन दिस नुसता चहा."

मी सरांकडे बघितलं. ते चपलेची सुतळी घट्ट करू लागले.

"चूक कबूल कराय गेलेला मानूस," ते खाली बघतच म्हणाले, "त्याच घरात ताटावर बसतो व्हय?"

"मग माझ्या डब्यातलं खायला काय अडचण आहे?" मी म्हटलं. "इथे चूक तुमची नाही, माझी आहे. आत्ताच सगळ्यांसमोर ठरलंय."

सरांनी यावर बराच वेळ विचार केला. त्यात कुठे खोट आहे का ते शोधत असावेत. मग उठले, नळावर हात धुतले, रुमालाला पुसत परत आले आणि डबा मांडीवर घेतला. पहिले दोन घास घाईने खाल्ले, मग लाज वाटून सावकाश खाऊ लागले.

"घरी एकट्यापुरतं करायचं म्हनजे रांधायचा कंटाळा येतो," ते मध्येच म्हणाले. "सांजचं तर मी करतच नाय." इतकी वर्षं मी त्या माडीवर जात होते, पण मागच्या खोलीत संध्याकाळी काय होतं ते मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

दोन भाकऱ्या संपल्या. तिसरी माझ्या हातात होती. सरांनी तिच्याकडे बघितलं आणि चटकन नजर वळवली.

मी ती त्यांच्या डब्यात ठेवली आणि म्हणाले, "तुम्ही खा सर. मी जेवून आलेय."